जोडे शिवणाऱ्याच्या उजवीकडे

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. टेबलावर काचेचे तुकडे सत्तेचाळीस. त्या सगळ्या तुकड्यांत मिळून माणूस एक.

हा माणूस तिपाईवर बसून जोडा शिवत होता, आणि पावणेआठशे वर्षे झाली तरी त्याचा टाका पुरा झालेला नव्हता. उत्तर फ्रान्समधल्या एका चर्चच्या खिडकीत तो प्रथम बसला. त्या काळी गावोगावच्या धंदेवाल्यांच्या मंडळ्या, म्हणजे पाव भाजणारे, कातडी कमावणारे, गाड्यांची चाके करणारे, एकत्र येऊन चर्चला रंगीत काचांची खिडकी अर्पण करीत. वरच्या चौकटींत संत, राजे आणि देवदूत असत. आणि अगदी तळाला, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर, खुद्द ते धंदेवाले आपापले काम करताना दिसत. पुढे चर्च पडले, खिडकी विखुरली, तुकडे हातोहात विकले गेले. आणि फिरत फिरत हा गृहस्थ मिशिगन राज्यात, ट्रॉय गावापासून वीस मिनिटांवर असलेल्या एका लहानशा कलासंग्रहालयात स्थायिक झाला.

त्याच्यावर ओणवून मैत्री गजभिये काम करीत होती. नागपूरची मुलगी, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावच्या विद्यापीठात मध्ययुगीन कलेचे शिक्षण घेतले, जुन्या काचा राखण्याची विद्या तिथेच हाताला लागली, आणि दोन वर्षांच्या नेमणुकीवर ती येथे आली. ती दोन वर्षे या डिसेंबरअखेर संपत होती. तेरा डिसेंबरला ‘मध्ययुगातली कामकरी माणसे’ हे प्रदर्शन उघडायचे होते, जोडे शिवणारा त्याचा मुख्य मानकरी होता, आणि मैत्रीला कायम करायचे की निरोप द्यायचा हे त्या प्रदर्शनानंतर ठरणार होते. असा सगळा भार त्या तिपाईवर होता.

काठाजवळचा निळा तुकडा चिमट्यात धरून ती त्याच्याशी बोलत होती. एकटी असताना ती काचेशी मराठीतच बोलत असे. इंग्रजीत रागावलेले काचेला कळत नाही असा तिचा अनुभव होता.

“आता हलायचं नाही हं. सकाळपासून किती वेळा सांगितलं? नीट बस... हं, असा. शहाणा माझा...”

“मी हललो नाही,” दारातून आवाज आला. “पण म्हणत असाल तर श्वासही थांबवतो.”

मैत्रीचा हात तसूभरही सरकला नाही. तेवढी शिस्त तिच्या बोटांत होती. लाल झाले ते फक्त कान. तुकडा जागेवर बसवून, चिमटा ठेवून, मगच ती वळली. दारात एक उंचसा तरुण उभा होता. कोटाच्या खांद्यांवर पाण्याचे थेंब, केसांत बर्फाचे दोन-चार कण, आणि तोंडावर पकडल्या गेलेल्या मुलाचे हसू... वास्तविक पकडली गेली होती ती.

“सॉरी हं. दार उघडं होतं, आणि इथे मराठी ऐकू आलं म्हणून... मी अनिश. सुचित्राकाकूंना सोडायला आलोय. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना, डॉक्टरांनी ड्राइव्ह करायला बंदी केलीय.”

सुचित्राकाकूंना संग्रहालयात कोण ओळखत नव्हते? पंचेचाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेल्या, भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेल्या, आणि आता दर शनिवारी हौसेने पाहुण्यांना दालने फिरवून दाखवणाऱ्या. अनिश खानोलकर त्यांचा शेजारी.

“बाहेर पाऊस पडावा की बर्फ, हे त्या दोघांचं अजून ठरलेलं नाही,” तो म्हणाला. “काकूंची टूर संपेपर्यंत इथे थांबलो तर चालेल?”

“थांबा. पण त्या पिवळ्या रेषेच्या अलीकडे.”

“पलीकडे काय आहे?”

“पलीकडे मी असते,” मैत्री म्हणाली. आणि वाक्य तोंडातून निसटल्यावर त्याचा अर्थ तिच्या लक्षात आला. “म्हणजे... काम असतं. नाजूक काम.”

“कळलं,” अनिश गंभीरपणे म्हणाला आणि बुटाची टोके मोजून-मापून रेषेला लावून उभा राहिला. “तसा मीही काचेतलाच आहे. गाड्यांच्या विंडशील्ड. आमच्याकडे काचेत एक बुडबुडा सापडला की अख्खी काच रिजेक्ट.”

मैत्रीने टेबलाखालचा दिवा थोडा वाढवला. निळ्या तुकड्यात बुडबुड्यांचा थवाच्या थवा उजळला.

“बाप रे! यांचा क्वालिटी मॅनेजर झोपला होता का?”

“बुडबुडे आहेत म्हणून तर प्रकाश आत अडखळतो. सरळ पार निघून गेला असता, तर हा निळा एवढा निळा दिसला नसता.”

अनिश पाहत राहिला. तो काचेकडे पाहत होता हे खरे. पण काचेतला उजेड मैत्रीच्या चेहऱ्यावर पडला होता, हेही खरे.

पुढच्या शनिवारी काकूंची टूर तासाभराचीच होती, तरी अनिश सकाळपासून आलेला होता. येताना थर्मासमधून आल्याचा चहा आणला होता, आणि तो कॉरिडॉरमध्येच प्यायचा असतो हे त्याने न सांगता ओळखले होते. एव्हाना ‘तुम्ही’ गळून ‘तू’ झाले होते. पहिले ‘तू’ कोणाचे, यावर दोघांत मतभेद आहेत.

“हा निळाच का एवढा जपतेस?” त्याने विचारले.

“निळा आमच्या घरचा रंग आहे. नागपूरला आमच्या वस्तीत दारं निळी, झेंडे निळे. आजोबा कापडगिरणीत होते. त्यांच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली माझं अभ्यासाचं टेबल.” तिने कप दोन्ही हातांत धरला. “बी.ए.ला असताना लायब्ररीत एका पुस्तकात अशा खिडक्या पाहिल्या. देवाच्या घराच्या भिंतीत जोडे शिवणारा बसलाय, हातात आरी घेऊन... आणि त्याला ‘तू बाहेर थांब’ असं कोणी म्हटलेलं नाही. मला विश्वासच बसेना. आजोबांना दाखवलं. ते खूप वेळ बघत बसले आणि म्हणाले, ‘पोरी, हे कुठे आहे ते जाऊन बघून ये.’”

“आणि आलीस.”

“आले. आल्यावर कळलं की त्यांच्याकडेही सगळं काही गोड नव्हतं. उस्ताद चैनीत, शिकाऊ पोरं अर्धपोटी. ज्यू लोकांना तर या मंडळ्यांत जागाच नव्हती. बाया दुकानात राबायच्या, पण चित्रात बहुतेकदा पुरुषच. हाच बघ ना, एकटा बसलाय.”

काचेवर डावीकडे जोडे शिवणारा होता. उजवीकडचा भाग काळपट, मातकट. सगळे त्याला भिंत समजत. संग्रहालयाच्या जुन्या दप्तरात ‘काच गंजलेली, हात लावू नये’ असा शेरा होता. आणि येथली माणसे नियम पाळणारी असल्यामुळे इतकी वर्षे कोणीही हात लावलेला नव्हता.

“बिचारा,” अनिश म्हणाला. “त्याच्याशी बोलायला भिंतच.”

“म्हणून तर मी बोलते.”

“मग मला जेलस व्हायला हवं.”

मैत्रीने चहाचा शेवटचा घोट फारच सावकाश घेतला.

त्या दिवशी कामाची एक गोष्ट ठरली. काच जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या जुन्या होऊन मऊ पडल्या होत्या. उभी केल्यावर काच स्वतःच्याच वजनाने वाकेल अशी मैत्रीला धास्ती होती. विंडशील्डला सगळ्या बाजूंनी सारखा आधार देणाऱ्या मऊ रबरी पट्टीसारखी चौकट करता येईल, असे अनिशने सुचवले. विभागप्रमुख हेलनबाईंनी आराखडा तपासला, दोन शंका विचारल्या आणि परवानगी दिली. पिवळी रेषा ओलांडण्याचा अधिकार अनिशला असा रीतसर मिळाला.

तरी मैत्रीने बजावले होते, “आमच्याकडे आधी बघायचं, मग पुन्हा बघायचं, मग फोटो काढायचा. आणि शक्यतो पुसायचं नाहीच.”

“आमच्याकडे उलटं,” तो हसला होता. “पुसल्याशिवाय काच बघायचीच नाही. सहा वर्षांत माझा हात झोपेतही पुसत असेल.”

हे तो थट्टेने म्हणाला होता.

बावीस नोव्हेंबरला चौकट तयार होऊन आली. अनिशने हातमोजे चढवले, चौकट शेजारच्या टेबलावर ठेवली, रबरी पट्टीवरची धूळ खिशातल्या मऊ कापडाने टिपली. सगळे ठरल्याप्रमाणे चालले होते. पट्टी उजव्या काठाला नेमकी कुठे टेकेल हे पाहायला तो काचेवर वाकला. मैत्री मोजपट्टी घ्यायला मागे वळली. जेमतेम मान वळवण्याइतका वेळ.

तेवढ्यात हाताने आपले रोजचे काम केले. काच समोर, कापड हातात. कोपऱ्यावरून एक सराईत, हलकी, अर्धगोल फेरी...

“अनिश!”

तो जागच्या जागी थिजला. पांढऱ्या कापडावर तपकिरी डाग उमटला होता.

आपण काय केले हे अनिशला कापडाकडे पाहून कळले, आणि किती केले हे मैत्रीच्या चेहऱ्याकडे पाहून. काचेवर चितारलेल्या रेघा म्हणजे लोखंडाची भुकटी आणि काचेची पूड कालवून, लिंपून, भट्टीत पक्क्या केलेल्या असतात. त्या चांगल्या भाजल्या असतील तर घासूनही जात नाहीत. पण कच्च्या भाजल्या असतील तर फुंकरीनेसुद्धा जातात. आणि गेल्या की गेल्याच. त्या पुन्हा काढणारा हात जगात उरलेला नाही.

“कापड खाली ठेवू नकोस,” मैत्री म्हणाली. आवाज इतका शांत होता की अनिशला तो ओळखूच आला नाही. “तसंच धर. मी पिशवी आणते.”

कापड पिशवीत बंद झाले. फोटो निघाले. पुसलेल्या जागी, मातकट भिंतीत, नखाएवढी हिरवी खिडकी उघडल्यासारखी दिसत होती. तिथे रेघ होती की नव्हती, नुसत्या डोळ्यांना सांगता येत नव्हते.

“रागाव ना,” अनिश म्हणाला. “प्लीज, यार. काहीतरी बोल.”

“रागवायला आत्ता वेळ नाही.” ती फोन उचलत होती. “हेलनला सांगायचंय.”

“मी सांगतो. हात माझा होता.”

“टेबलापाशी तुला आणलं मी. पाठ फिरवली मी.”

“मैत्री, तुझी नोकरी...”

“काच माझ्या ताब्यात होती, अनिश. हे तुझ्यामाझ्यात वाटून घ्यायचं नाही.”

शेवटी फोन स्पीकरवर ठेवून दोघांनीही सांगितले. एकाचे वाक्य पुरे व्हायच्या आत दुसरा ते स्वतःवर घेत होता, आणि हेलनबाईंना दोघांना दोनदा गप्प करावे लागले. त्यांचा निर्णय थोडक्यात असा होता: काचेचे काम थांबवा, कापडावरचा डाग सोमवारी प्रयोगशाळेत जाईल, थँक्सगिव्हिंगची सुट्टी मध्ये असल्यामुळे निकाल त्यानंतर मिळेल. रंग मुळातला निघाला, तर काच प्रदर्शनातून मागे घ्यावी लागेल. मैत्रीच्या नेमणुकीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

अनिशने कोट घातला. पिवळ्या रेषेबाहेर जाऊन तो एकदा वळला आणि निघून गेला. चहाचा थर्मास कॉरिडॉरमध्ये तसाच राहिला.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सुचित्राकाकूंनी दोघांनाही जेवायला बोलावले. दुसऱ्यालाही बोलावल्याचे अर्थातच कोणालाच सांगितले नाही.

“भारी धूर्त आहात, काकू,” दारातच अनिशचे बूट पाहून मैत्री म्हणाली.

“अगं, धूर्तपणा कसला? भोपळा मोठा निघाला. एवढे घारगे एकटी कशी खाऊ?”

मसालेभात झाला, घारगे झाले, ट्रॉयच्या रस्त्यांवरच्या बर्फाविषयी बोलणे झाले. काचेचे नाव कोणी काढले नाही. अनिश घारग्याचे इतके बारीक तुकडे करीत होता की अखेर काकूंनीच विषय फोडला.

“हे बघ अनिश. मी आयुष्यभर माणसांना झोपवलं आणि उठवलं. झोपवणं सोपं असतं. रुग्ण उठेपर्यंत जे घड्याळ चालतं ना, ते फार हळू चालतं. तेव्हा आपण एकच करायचं असतं... तिथून हलायचं नाही. डॉक्टर कॉफी प्यायला निघून गेला, असं चालत नाही.”

“पण काकू, माझ्यामुळेच जर...”

“ज्याच्यामुळे झालं त्यानेच तर थांबायचं असतं. ऊठ, भांडी घासायला लाग. माझा गुडघा दुखतोय.” काकूंचा गुडघा महिनाभर दुखत नव्हता.

खिडकीबाहेर भुरभुर बर्फ पडत होता. मैत्री ताटल्या धुऊन अनिशच्या हाती देत होती आणि अनिश त्या ओल्याच टेबलावर मांडत होता. ओळ लांबत चालली, टेबलावरून पाणी ठिबकू लागले.

“अरे, पूस ना त्या,” मैत्रीने खांद्यावरचे फडके त्याच्याकडे टाकले.

अनिशने ते झेलले, पाहिले, आणि अदबीने घडी घालून बाजूला ठेवले.

“मी पुसणं सोडलंय.”

मैत्रीने वळून पाहिले. आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच ती हसू लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आले, साबणाचा हात डोळ्याला लागला, तेव्हा आणखी पाणी आले.

“थांब, थांब, हात लावू नकोस,” अनिश घाईघाईने म्हणाला. स्वच्छ रुमाल काढला, पुढे केला, आणि अर्ध्या वाटेत थबकला. “हे... पुसलेलं चालेल?”

“चालेल.”

त्याने फार जपून टिपले. एवढ्या जपून त्याने आजवर एकही विंडशील्ड पुसली नसेल.

“मी ठरवलं होतं,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “की निकाल लागला की पुन्हा तिकडे यायचं नाही. तुला माझं तोंडही बघावंसं वाटणार नाही म्हणून.”

“हे तूच ठरवलंस? मला न विचारता?”

“मग... विचारू?”

“आत्ता नको.” मैत्रीने नळ बंद केला. “मी आत्ता काहीही म्हणाले, तर तुला वाटेल कीव करते. किंवा मला वाटेल. आधी ते कापड काय सांगतं ते ऐकू. पण काहीही सांगितलं ना, तरी त्यानंतरच्या शनिवारी तू यायचंस. कळलं? काकूंनी सांगितलंय, हलायचं नाही.”

मंगळवारी, दोन डिसेंबरला सकाळी निकाल आला. हेलनबाई स्वतः कार्यशाळेत आल्या, खुर्ची ओढून मैत्रीसमोर बसल्या, आणि प्रस्तावना न करता म्हणाल्या, की डागातला तपकिरी रंग तेलात कालवलेला आहे आणि त्यात टायटॅनियमचा पांढरा रंग मिसळलेला आहे.

मैत्रीने डोळे मिटले. टायटॅनियमचा पांढरा रंग वापरात आला तो विसाव्या शतकात. जोडे शिवणाऱ्याला जन्माला घालणाऱ्या हातांना तो माहीत असणे शक्य नव्हते.

“श्वास घे,” हेलनबाई म्हणाल्या. “आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बघ. मी सकाळी बघून आले आहे.”

नखाएवढ्या त्या हिरव्या खिडकीत, भिंगाखाली, एक रेघ दिसत होती. भट्टीत नीट भाजलेली, पक्की, चकचकीत रेघ. तिच्याशेजारी दुसरी, किंचित वळलेली. मैत्रीने भिंग सरकवले, पुन्हा पाहिले, मग पुन्हा. ती भिंत नव्हती. ते बोट होते.

चार दिवस ती खाली मान घालून काम करीत होती. ओलसर कापसाचा बारीक बोळा, एक हलका फेरा, भिंगातून तपासणी, नवा बोळा. वरचा रंग निघत गेला आणि भिंत उजळत गेली. आधी बोटे आली, मग मनगट, मग हिरव्या झग्याची बाही. शुक्रवारी संध्याकाळी चेहरा आला. त्याच्यामधून एक तिरपा तडा गेला होता, आणि तरी ती बाई हसतमुखच होती.

शनिवारी, सहा डिसेंबरला, अनिश आला. निकाल त्याला फोनवर कळला होता. उरलेले मैत्रीने मुद्दामच सांगितले नव्हते. तो पिवळ्या रेषेच्या अलीकडे, दोन्ही हात कोटाच्या खिशांत खोल घालून उभा राहिला.

“आत ये.”

“नको. इथून दिसतंय.”

“तिथून काय दिसतंय?”

“तू,” तो म्हणाला. आणि या वेळी कान लाल झाले ते त्याचे. “म्हणजे... काम. नाजूक काम.”

मैत्रीने टेबलाखालचा दिवा लावला.

तो नकळत चार पावले पुढे आला. डावीकडे जोडे शिवणारा, तिपाईवर. उजवीकडे, जिथे भिंत होती तिथे, हिरव्या झग्यातली बाई. त्याच्या हातातल्या दोऱ्याचे दुसरे टोक तिच्या बोटांत होते; ती तो ताणून धरीत होती. म्हणून तर टाका सरळ पडत होता. इतकी वर्षे तो दोरा भिंतीत शिरून नाहीसा होई, आणि कोणालाही त्याचे नवल वाटले नव्हते.

“ही इथेच होती?” अनिशने आणखी खाली वाकत विचारले.

“कायम. बायकोच असेल बहुधा, किंवा दुकानातली जोडीदारीण. एखाद्या विक्रेत्याने रंग फासला असावा. चेहऱ्याला तडा होता ना. फुटकी बाई विकली गेली नसती, साबूत भिंत विकली गेली.”

“एका तड्यासाठी अख्खी बाई झाकली?”

“तुमच्याकडे एक बुडबुडा दिसला तर काय करता?”

अनिश खालच्या मानेने म्हणाला, “रिजेक्ट.”

“आणि हे बघ,” मैत्रीने बोट उगारले, “तू पुसलंस ते बरोबर होतं, असा याचा अर्थ नाही. ती चूक होती. मोठी चूक होती. नशिबाने वाचलो आपण.”

“आपण,” अनिश हळूच म्हणाला.

“हो... आपण.” ती वळली आणि कापसाचा एक बोळा घेऊन आली. “उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौरस सेंटीमीटर ठेवलाय. हेलनला विचारलंय. तो तुझा.”

“नाही, नाही, मैत्री, मी पुसणं...”

“सोडलंयस. माहितीये. हात दे.”

त्याने खिशातून हात काढला. मैत्रीने त्याच्या बोटांत बोळा दिला आणि वरून आपली बोटे धरली. दोघे काचेवर वाकली. खालून येणारा उजेड चेहऱ्यांवर निळा-हिरवा सांडला. बाहेर पाऊस की बर्फ, याचे अखेर ठरले होते. मोठमोठे पांढरे पुंजके सावकाश खाली येत होते.

“हलक्या हातानं,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “दाबायचं नाही. फक्त टेकवायचं... हं. आता मला तुला काहीतरी सांगायचंय. पण तू हलशील.”

“नाही हलणार.”

“पहिल्याच दिवशी, तू दारातून बोललास ना... तेव्हा मी तो तुकडा बसवला, मगच वळले. सगळ्यांना वाटतं, काय शिस्त आहे मुलीची. खरं तर वळायची भीती वाटली. आवाजच इतका आवडला होता... म्हटलं, चेहरा नाही आवडला तर?”

बोळा जागच्या जागी थांबला.

“आणि?” अनिशने काचेवरची नजर न हलवता विचारले. “चेहरा?”

“रिजेक्ट नाही केला.”

“मैत्री... आता विचारू?”

“आता विचार.”

“माझ्या दोऱ्याचं दुसरं टोक धरशील?”

त्याच्या बोटांवरची तिची बोटे जरा घट्ट झाली. बोळा पुन्हा फिरला. आणि मातकट रंगाचा शेवटचा कण निघून त्या कोपऱ्यातून हिरव्या झग्याची किनार उजळली.

“धरलंय केव्हाचं,” ती म्हणाली. “तूच भिंत समजत होतास.”

कार्यशाळेच्या काचेवर टकटक झाली. बाहेर सुचित्राकाकू उभ्या होत्या, मागे पंधरावीस पाहुण्यांचा घोळका घेऊन. काठी काखेत मारून त्या पाहुण्यांना इंग्रजीत काहीतरी समजावत होत्या आणि आतल्या दोघांकडे बोट दाखवीत होत्या. दोघे दचकून दूर झाली. पण हात मात्र, अनवधानाने म्हणा किंवा कसेही, सुटले नाहीत.

“काकू काय सांगताहेत?” अनिशने विचारले.

“मध्ययुगात काम जोडीनं करायचे, असं,” मैत्री म्हणाली.

तेरा डिसेंबरला प्रदर्शन ठरल्या वेळी उघडले. काच मऊ रबरी चौकटीत सरळ उभी राहिली. कुठे वाकली नाही. मैत्रीला कायम केल्याचे हेलनबाईंनी त्याच संध्याकाळी सांगितले, आणि लगेच पुढे जोडले की पिवळी रेषा यापुढे टेबलापासून आणखी एक फूट मागे घेतली जाईल. काचेशेजारचा माहितीफलक नव्याने छापावा लागला. पूर्वी त्यावर ‘जोडे शिवणारा, एकटा’ असे लिहिलेले होते. आता त्या मजकुराची शेवटची ओळ अशी आहे:

काचेचे तुकडे सत्तेचाळीस, माणसे दोन.